फुटलेले कौल



मे महिना अर्धा सरला की आपल्या वसईत घरोघरी आगोटची घाई सुरू होते. अंगणात मिरच्या, गच्चीवर पापड, ओट्यावर सुके बोंबील आणि जवळा. आता पुष्कळ घरे स्लॅबची झाली, सरपणाच्या जागी सिलिंडर आला, तरी आगोट म्हटले की घरातल्या बायकांना दिवस पुरत नाही. आणि या घाईत काही ना काही बिघडतेच.

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर एका आजींनी आम्हाला दाराशी थांबवले. म्हणाल्या, "फादर, माझ्या हातून पाप झालं." बाटलीच्या मसाल्यासाठी त्यांनी मिरच्या वाळत घातल्या होत्या. दुपारी जरा डोळा लागला आणि वळवाची सर आली. उठेपर्यंत सगळे भिजले होते. सून एक शब्द बोलली नाही. पण न बोलण्याचेही प्रकार असतात, ते घरातल्या माणसांना कळतात. मसाल्याची मिरची उन्हात कडक व्हावी लागते. मग एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कुटायचा आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचा. तो वर्षभर पुरवायचा असतो. त्यात ओल राहिली तर वर्षाचा मसाला गेला. (हे आजींनी चार जणींसमोर सांगितले आणि त्यांना विचारूनच आम्ही लिहीत आहोत. पापनिवेदनात ऐकलेले तिथेच राहते.)

आम्ही म्हणालो, "आजी, हे पाप नव्हे. डोळा लागला, एवढंच." त्यांना ते पटलेले दिसले नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या सहाव्या भागातील एका विधानाशी आम्ही अडलो होतो. तो म्हणतो, कारागिरीत जाणूनबुजून चुकणारा हा नकळत चुकणाऱ्यापेक्षा बरा. वागणुकीत मात्र नेमके उलटे. पहिल्यांदा वाचले तेव्हा हे कोडेच वाटले. पण शिंप्याकडे पाहावे. मुलाला दाखवण्यासाठी त्याने मुद्दाम वाकडी शिवण घातली, तर त्याला सरळ शिवता येते याबद्दल शंका राहत नाही. सरळ घालायला गेला आणि वाकडी पडली, तर हात कच्चा. उलट शेजाऱ्याला आपण नकळत दुखावले तर तो समजून घेतो. जाणूनबुजून दुखावले तर आपला दोष वाढतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. वस्तू नीट घडवण्याची बुद्धी वेगळी आणि नीट वागण्याची बुद्धी वेगळी, असे ते सांगतात. कारागिराचे कौतुक त्याची वस्तू चांगली झाली म्हणून होते, त्याचा हेतू कोणी विचारत नाही. माणूस म्हणून आपली पारख होते तेव्हा मात्र हेतूलाच पहिला प्रश्न जातो.

या दोन्हींमधली रेषा घरात नेहमीच स्वच्छ दिसत नाही. आभाळ भरून आलेले पाहिले, मिरच्या बाहेर आहेत हे माहीत आहे, तरी 'कोणीतरी उचलेल' म्हणून मालिका बघत बसलो, तर तो निष्काळजीपणा झाला, आणि निष्काळजीपणाला संत थॉमस पापांतच धरतात. पण रात्री दोनपर्यंत नातवाच्या तापाजवळ बसलेल्या बाईला दुपारी झोप लागली, याला कोणत्या खान्यात घालायचे? आम्ही तरी आजींना दोष देणार नाही.

मात्र त्या दिवशी परतताना आम्हालाच चैन पडेना. त्याचे कारण आज सांगणे भाग आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे धर्मगुरुनिवासाच्या मागच्या पडवीची कौले परतून दिली. ते गेल्यावर पन्हळीत पाला अडकलेला दिसला. एवढ्यासाठी त्यांना पुन्हा कशाला बोलवा, म्हणून आम्ही वर चढलो. या पानावर आम्ही नेहमी 'आम्ही' असेच लिहितो, पण छपरावर चढलेला माणूस एकच होता. मंगलोरी कौल दिसायला दणकट. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून त्याने आपल्या किनाऱ्यावरची किती घरे झाकली असतील. पण पाय कुठे ठेवायचा हे माहीत हवे. कौल खाली रिपेवर टेकलेले असते तिथे ते माणसाचा भार सोसते. आम्ही मधोमध पाय ठेवला. कट्‌ असा आवाज झाला. चीर केसाएवढी होती. आम्ही थोडे सिमेंट फासले आणि खाली उतरलो.

इथपर्यंत ही केवळ वाईट कारागिरी होती.

जूनमध्ये पाऊस लागला आणि पडवीतल्या कपाटावर पाणी ठिबकू लागले. आपल्या भगिनींनी महिनोन्‌महिने बसून भरतकाम केलेले वेदीवस्त्र त्यात होते. त्यावर तपकिरी डाग पडला. गळती शोधणे अवघड असते, कारण पाणी चिरेच्या खाली सरळ पडत नाही. रिपेवरून वाहत जाते आणि भलत्याच ठिकाणी ठिबकते. त्या रविवारी मिस्सा झाल्यावर दारात कोणीतरी म्हणाले, "मिस्त्रीने यंदा काम उरकलेलं दिसतं." चार माना हलल्या. आम्ही तिथेच उभे होतो. आम्ही म्हणालो, "असेल."

त्या एका शब्दानंतर दोन घरांनी कौलांसाठी दुसरा माणूस बोलावला.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात गंभीर पापाबद्दल सांगताना विषयाच्या गांभीर्याबरोबर पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती या अटी घातल्या आहेत. विषय लहान म्हणावा की मोठा, यावर आम्ही स्वतःशी पुष्कळ वाद घातला. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला ती सोय असते. जाणीव आणि संमती होती की नाही, यावर मात्र वाद घालता येईना. आजी एका अपघाताला पाप म्हणत होत्या. आम्ही वर्षभर त्याच्या उलटे करत होतो.

पावसाळा सरल्यावर आम्ही मिस्त्रींच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. ते हसले. म्हणाले, "फादर, मला तेव्हाच कळलं होतं. मी फुटलेलं कौल बदलतो, त्याला सिमेंट लावत नाही." मग गप्प का राहिलात, असे विचारल्यावर म्हणाले, "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो." त्यांनी चहा दिला. नंतर एका धर्मगुरुबंधूंकडे पापनिवेदनही झाले.

तिथे हे संपले असे मानायला आम्हाला आवडले असते. पण तोच ग्रंथ सांगतो की दुसऱ्याच्या नावाला लावलेला बट्टा क्षमा मिळाल्याने पुसला जात नाही. भरपाई उरते, आणि शक्य असेल तिथे ती उघडपणे करायची असते. 'असेल' हे चर्चच्या दारात, लोकांसमोर म्हटले होते. म्हणून हे पान. कौल आम्ही फोडले. मिस्त्रींच्या कामात काही खोट नव्हती.

वेदीवस्त्राचा डाग लिंबाने, उन्हाने, कशानेच गेलेला नाही. भगिनींनी त्यावर एक वेल भरायचे ठरवले आहे.

मिस्त्री येत्या गुरुवारी सकाळी पडवीची कौले परतायला येत आहेत. ज्यांना आपल्या घरचे काम सांगायचे असेल त्यांनी तेव्हा त्यांना इथेच भेटावे. शिडी धरायला आम्ही असू. वर चढायचे नाही, अशी त्यांची अट आहे.

तुमचे धर्मगुरू