लायसन्सच्या मधल्या पायऱ्या

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं चौथं कलम सांगतं, की अठरा वर्षांखालच्या कुणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायचं नाही. लगेच पुढे एक सवलतही आहे: ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल सोळा पूर्ण झालेल्याला चालवता येईल. कायदा झाला तेव्हा या सवलतीला अर्थ होता. पुण्याच्या कायनेटिकची लुना १९७२ पासून रस्त्यावर होती आणि कॉलेजची मुलं, शिक्षिका, पोस्टमन यांच्या ती अंगवळणी पडली होती. आज शोरूममध्ये पेट्रोलवर चालणारी ५० सीसीची गाडी मिळत नाही. घरोघरी दिसणारी स्कूटर ११० सीसीच्या आसपासची असते. दुसऱ्या टोकाला २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी बॅटरीची गाडी नियमांच्या लेखी मोटार वाहनच नाही, तिला लायसन्स लागत नाही. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीला हक्क आहे, पण तो बजावायला गाडी नाही. दहावी संपते ती पंधरा-सोळाव्या वर्षी. अकरावीचं कॉलेज लांब, क्लासची बॅच सकाळी साडेसहाची, एसटीच्या वेळा कशाशीच जुळत नाहीत. मग घरातली स्कूटर बाहेर निघते. कॉलेजच्या फाटकावर ‘विनापरवाना वाहन आणू नये’ अशी पाटी असते, म्हणून गाड्या पलीकडच्या गल्लीत ओळीने लागतात. हे पालकांना, प्राचार्यांना आणि चौकातल्या हवालदाराला, सगळ्यांनाच ठाऊक असतं.

यावर २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आणलं. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जाईल, तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. पालकाला जबाबदार धरण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सगळा प्रश्न वयाच्या एका आकड्यावर टांगून ठेवण्याबद्दल. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शे गाडीखाली मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले. त्या प्रकरणातले बाकीचे गंभीर आरोप क्षणभर बाजूला ठेवू. मुलाला अठरा पूर्ण व्हायला काही महिनेच उरले होते. ते उलटले असते, हातात लायसन्स आलं असतं, तर गाडी तीच आणि चालवणाराही तितकाच अननुभवी असता. फक्त त्याच्या गाडी चालवण्याला कायद्याची हरकत उरली नसती.

अठरानंतर काय होतं ते पाहा. लर्निंग लायसन्स, तीस दिवसांनी आरटीओत चाचणी, आठचा आकडा पाय न टेकता काढला की गिअरच्या मोटारसायकलचं पक्कं लायसन्स. आठ हॉर्सपॉवरच्या शंभर सीसी गाडीला तेच चालतं आणि हजार सीसीच्या गाडीलाही तेच. शंभरीच्या वेगाने घाटातल्या वळणाला ब्रेक कसा लावायचा याची परीक्षा त्या आठच्या आकड्यात कुठेच नाही. युरोपीय संघात २०१३ पासून नियम वेगळे आहेत: सोळाव्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, अठराव्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंत, आणि त्या पायरीवर दोन वर्षं काढल्यावर हवी ती गाडी. थेट वरच्या पायरीवर यायचं असेल तर चोवीस वर्षांचं व्हावं लागतं. गंमत अशी, की या पायऱ्यांच्या मापाच्या गाड्या आपल्या चाकणमध्ये बनत आल्या आहेत. बजाजच्या कारखान्यातून युरोपला गेलेली केटीएमची १२५ ड्यूक बरोबर ११ किलोवॅटची, आणि ३९० ड्यूक ३५ च्या जरा आत. तीच ३९० आपल्याकडे काल लायसन्स मिळालेला मुलगा आज घेऊ शकतो.

पायरीची कल्पना परकी म्हणून झटकताही येणार नाही, कारण आपल्याच कायद्यात ती आहे. व्यावसायिक वाहनाला वीस वर्षांची अट आहे, आणि त्याच्या लर्निंग लायसन्सआधी हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर बाळगलेलं असावं लागतं. ट्रकसाठी अनुभव मोजायचा आणि मोटारसायकलसाठी नाही, याचं कारण कायद्यात सापडत नाही. खालच्या पायरीचा प्रश्न जपानने सोडवला आहे. तिथेही सोळाव्या वर्षी ५० सीसीचं लायसन्स मिळतं आणि तिथेही प्रदूषणाच्या नियमांनी त्या गाड्या संपवल्या. एप्रिल २०२५ पासून त्यांनी त्याच लायसन्सवर १२५ सीसीपर्यंतची, पण ताकद ४ किलोवॅटवर रोखलेली गाडी चालवायला परवानगी दिली. आपल्यालाही सीसी सोडून किलोवॅट धरता येतील. मग विजेवरच्या गाड्याही त्याच मापात बसतील, कारण त्यांना सीसी नसतातच.

सर्वांत वजनदार आक्षेप आकड्यांचा आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. त्यांतली बहुतेक हजार सीसीवाली नव्हती. साध्या गाड्या, नसलेली हेल्मेटं, अंधारे रस्ते. हे खरंच आहे, आणि म्हणूनच ताकदीची मर्यादा हा प्रश्नाचा धाकटा भाग मानावा. थोरला भाग पहिल्या वर्षाच्या अटींचा. न्यूझीलंडने १९८७ मध्ये तरुणांसाठी टप्प्यांचं लायसन्स आणलं, त्यात रात्री गाडी चालवायला आणि मागे कुणाला बसवायला बंदी होती. त्यानंतर १५ ते १९ वयाच्या मोटारसायकलस्वारांचं जखमी होऊन रुग्णालयात दाखल होणं लक्षणीय घटलं. यात एक मेख आहे: घट काही अंशी मुलांनी गाडी चालवणंच कमी केल्यामुळे झाली. जिथे एसटी नाही तिथे हा फायदा म्हणजे शिक्षण सुटणंही ठरू शकतं, त्यामुळे रात्रीची बंदी जशीच्या तशी उचलू नये असं मला वाटतं.

पायऱ्या वाढल्या की एजंटांची कमाई वाढेल, ही भीतीही खोटी नाही. म्हणून दर पायरीला नवी चाचणी ठेवण्यापेक्षा विनादंड काढलेला काळ मोजावा. गरिबावर बोजा पडेल हे मात्र पटत नाही. दूधवाल्याची, डिलिव्हरीवाल्याची गाडी शंभर-सव्वाशे सीसीची असते आणि ती अठराव्या वर्षीच्या पहिल्या पायरीतच बसते. त्याला अडेल ती डबलसीटची अट. शिकाऊ चालकाने शिकवणाऱ्याखेरीज कुणाला मागे बसवू नये असा नियम आजही आहे, तो पक्क्या लायसन्सच्या पहिल्या वर्षापर्यंत लांबवावा लागेल. आपल्याकडे गाडी घेतलीच जाते ती धाकटीला शाळेत सोडायला, तेव्हा कुरकुर होणार. शिवाय एकच स्कूटर सकाळी मुलगी चालवते आणि संध्याकाळी वडील, त्यामुळे गाडीला लावलेल्या पाटीवरून नवखं कोण ते हवालदाराला कळणार नाही. पहिल्या वर्षाची खूण चालवणाऱ्याच्या हेल्मेटवरच लावावी लागेल.