करड्याची निवड

जर्मन रणगाड्याची छोटी प्रतिकृती जोडून झाली की तिला रंग कोणता द्यायचा, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. खोक्यावर छापलेलेच असते: जर्मन ग्रे. प्रत्यक्षात त्या एका नावाखाली प्रत्येक कंपनीची छटा निराळी. एखादीत निळसर झाक, एखादी जवळजवळ काळी, एखादी फिकट. यातली खरी कोणती?

खरेपण बाटलीत सापडत नाही, सालात सापडते. जर्मनीत १९२७ साली रंगांना प्रमाण क्रमांक देणारा ‘राल’चा पहिला तक्ता आला. त्यातल्या गडद करड्याला पुढे ७०२१ हा क्रमांक मिळाला. १९४० पासून रणगाडे या एकाच रंगात निघू लागले. फेब्रुवारी १९४३ मध्ये हुकूम बदलला आणि गडद पिवळा हा मूळ रंग ठरला. म्हणून १९४१ च्या रशियन आघाडीवरचा रणगाडा करडा, तर १९४४ साली कारखान्यातून निघालेला पिवळा.

१९४० पूर्वीची गोष्ट अधिक विचार करायला लावते. त्या काळच्या रणगाड्यांवर करड्याबरोबर सुमारे एक तृतीयांश भाग गडद तपकिरी रंगवलेला असे. पण कृष्णधवल छायाचित्रांत हे दोन्ही गडद रंग एकमेकांत मिसळून जातात. त्यामुळे कित्येक वर्षे छंदी मंडळी ते रणगाडे नुसते करडे रंगवत राहिली. अभ्यासकांनी मूळ लष्करी हुकूम वाचले, तेव्हा तपकिरी उजेडात आला. डोळ्यांना जे दिसत नव्हते, ते कागदाने सांगितले.

खानदेशाला ही शिस्त परकी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे मूळ कागदांसाठी गावोगाव हिंडले. १९२६ साली धुळ्यात त्यांनी देह ठेवला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. अस्सल कागद आधी, मत नंतर, हा त्यांचा आग्रह होता. मराठ्यांच्या इतिहासाला लावायची ती कसोटी वीतभर प्रतिकृतीलाही लावता येते. काम लहान आहे म्हणून खऱ्याची चाड लहान करायचे कारण नाही.

मात्र कागद हाती आला की निवड संपते, असेही नाही. जळगावातून उत्तरेला दिसणारा सातपुडा फिकट निळसर करडा भासतो. यावल ओलांडून पायथ्याशी गेले की तोच डोंगर गडद होतो. मधल्या हवेचा थर रंग उतरवतो. एकास पस्तीस प्रमाणाची प्रतिकृती आपण दोन फुटांवरून पाहतो, म्हणजे खरा रणगाडा सत्तर फुटांवरून पाहिल्यासारखे होते. म्हणून जाणकार मूळ रंगात थोडा फिकट रंग मिसळतात, नाहीतर कडा, खिळे, झडपा काळोखात बुडून जातात. पण असा फरक करण्याचा अधिकार मूळ छटा नीट ओळखणाऱ्यालाच असतो.

आणि या करड्याचे ओझेही विसरता येत नाही. पोलंड, फ्रान्स, रशिया याच रंगाच्या पोलादाखाली चिरडले गेले. त्याच जर्मन फौजेशी लढायला मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान इटलीत गेले. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी गोळीबारातून जखमी साथीदार बाहेर काढले, शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या लढाईचा देखावा कुणी मांडला आणि त्यात १९४१ च्या आघाडीवरचा करडा रणगाडा ठेवला, तर चूक नुसती रंगाची राहत नाही. ती लढाईच्या काळाची होते, आणि त्या काळात रक्त सांडलेल्या माणसांचीही.

तेव्हा बाटलीचे झाकण उघडण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: साल कोणते, आघाडी कोणती, समोर कोण उभे होते? यांची उत्तरे मिळाली की छटा ठरवणे सोपे जाते. हाताखालचे काम कितीही छोटे असो, ते ज्यांच्याविषयी आहे त्या माणसांशी प्रामाणिक राहणे आपल्या हाती असते.