हगाम्यातील मान

नगर जिल्ह्यात जत्रांचा मोसम सुरू झाला की गावोगाव हगामे भरतात; रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून मोठ्या इनामाच्या नेमलेल्या कुस्त्यांपर्यंत रंगत जाणाऱ्या या सोहळ्यात वर्गणी, हलगी, फेटे आणि पाहुण्यांचा मानपान या सर्वांचा हिशेब चोख असतो, पण मल्लाच्या मानेसाठी जमाखर्चाच्या वहीत रकाना नसतो.

सरकारला जत्रेत जीव जपण्याची तजवीज सुचतच नाही, असे नव्हे. २०१४ साली बंद झालेल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये मुभा दिली, ती राज्याच्या २०१७ च्या नियमांच्या अधीन राहून: धाव एक हजार मीटरांच्या आत, कलेक्टरांची आगाऊ परवानगी, आणि बैल सुदृढ असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला. बैलाची ही काळजी सर्वथा उचित. परंतु त्याच जत्रेत मातीत उतरणाऱ्या विशीतल्या पोराकडे कोणी दाखला मागितल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

२०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील एका जत्रेत मानेवर पडून जायबंदी झालेला तरुण मल्ल काही दिवसांनी दगावला. अशा प्रसंगी डोके, मान व धड एका रेषेत धरून जखमी मल्लाला सपाट फळीवर न घेता, चौघांनी हातपाय धरून उचलले वा बसवून पाणी पाजले, तर मणक्याची इजा मज्जारज्जूपर्यंत पोचू शकते; माया असलेले हातच घात करतात. त्यातच वजनगटाऐवजी नजरेने लावलेली जोड, घाईने टाकलेली कठीण माती, आणि चितपट होईतो लांबत जाणारी झुंज! थकलेल्या मानेला अंगाचा भार तोलवत नाही. २०२५ साली नगरच्या वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा एका कुस्तीत खांदे टेकले की नाहीत यावर पारापारावर वाद झडले. मानेविषयी त्याच्या दशांशही आस्था दिसली नाही.

डॉक्टर आले की कुस्तीची रग जाईल, असा जुन्या मंडळींचा आक्षेप असतो. परंतु तालमीचा जाबता याहून कडक होता: माती खणून, चाळून, तेल-ताक-हळद मुरवून ती मऊ राखणे हे मल्लाचे नित्यकर्म असे, आणि ‘पोरगं अजून कच्चं आहे’ असे वस्तादाने म्हटले की इनाम कितीही मोठे असो, जोड मोडत असे. आज कमिटीचा कार्यकर्ता लाऊडस्पीकरवर नाव पुकारतो आणि कडेला उभ्या वस्तादाला नकार द्यायला सवडही मिळत नाही. तो अधिकार त्याला लेखी परत द्यावा, आणि इनामाची रक्कम ठरवण्याआधी एक फळी, मानेचा पट्टा व दिवसभर बसणारा डॉक्टर यांचा खर्च वर्गणीतून बाजूला काढावा. पुढच्या जत्रांच्या वर्गण्या अजून गोळा व्हायच्या आहेत.