पलीकडे फक्त डग्गा

सतरा किलोचा पॉवर ॲम्प्लिफायर तिसऱ्या मजल्यावर चढवायला मला शेजारच्या काकूंच्या नातवाने मदत केली. आमच्या चाळीला लिफ्ट नाही आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर दोन माणसं एका वेळी मावत नाहीत. तो पोरगा दहावीत आहे. धापा टाकत त्याने विचारलं, "दादा, यात एवढं जड काय असतं?" मी म्हटलं, ट्रान्सफॉर्मर. त्याला वाटलं मी पिक्चरबद्दल बोलतोय.

घरात आधी एक जुना रिसीव्हर होता. बहुतेकांच्या घरी असतो तसा एकच डबा, त्यात दोन कामं चालतात. एक भाग गाणं कुठून घ्यायचं आणि किती मोठं ठेवायचं हे ठरवतो, तर दुसरा त्या नाजूक सिग्नलला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. पॉवर ॲम्प वेगळा घेणं म्हणजे हे दुसरं काम जुन्या डब्याकडून काढून घेऊन एका पैलवानाला देणं. रिसीव्हरच्या पाठीमागे प्री-आउटची भोकं असतील तर तिथून दोन आरसीए वायरी पैलवानापर्यंत न्यायच्या आणि स्पीकर त्याला जोडायचे. झालं. मी लॅमिंग्टन रोडवर चार शनिवार घालवून सेकंडहँड घेतला, अडतीस हजारांना. आईला अठरा सांगितले.

पहिल्या दिवशी नुसतीच घुंई ऐकू आली. चाळीच्या जुन्या प्लगमध्ये अर्थिंगच नव्हतं, त्यामुळे विजेची ५० हर्ट्झची गुणगुण थेट स्पीकरमध्ये. वायरमन आला, अर्थिंग झालं, गुणगुण गेली. मग मी किशोरीताई आमोणकरांचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि जागेवरून उठलो नाही. डग्ग्यावरची मिंड अशी घसरत यायची की तबलजीच्या मनगटाचा दाब कळावा. एवढ्यासाठी अडतीस हजार ठीक आहेत, असं त्या रात्री वाटलं. अजूनही वाटतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचताना मी पश्चात्ताप करतोय असं कुणाला वाटेल.

तीन आठवड्यांनी तो पोरगा काहीतरी प्रिंट काढायला आला होता. जाता जाता सहज म्हणाला, "दादा, तुमचं मशीन लागलं ना, की आमची परात वाजते."

कुठली परात? मांडणीवरची. तिच्याखाली दोन ताटं आहेत, ती पण.

मी विचारलं, त्रास होतो का रे? तो म्हणाला, नाही नाही, आजी म्हणते वाजू दे. मग थोडं थांबून म्हणाला, "पप्पांना होतो कधीकधी. नाइट असली की."

त्याचे पप्पा केईएममध्ये वॉर्डबॉय आहेत. नाइट संपवून सकाळी नऊला येतात आणि दुपारी चारपर्यंत झोपतात. माझं घरून काम मंगळवारी आणि गुरुवारी, आणि ऐकायचा माझा सगळ्यात आवडता वेळ दुपारी बारा ते दोन, जेव्हा अमेरिकेतले सहकारी झोपलेले असतात. म्हणजे माझ्या कंपनीतल्या लोकांची झोप मला तोंडपाठ होती. चार इंच भिंतीपलीकडच्या माणसाची नव्हती.

माझी पहिली प्रतिक्रिया इंजिनियरची होती, म्हणजे बचावाची. मी नियम वाचले. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. खाजगी घरातल्या साउंड सिस्टिमसाठीही त्यात सोय आहे: घराच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. म्हणजे दुपारी मला ६० पर्यंत मुभा. काकूंच्या घरात जाऊन फोनवरच्या ॲपने मोजलं तर (ते काही प्रमाणित मीटर नव्हे, पण अंदाज येतो) ४१ आलं. त्यांचा पंखा माझ्यापेक्षा जास्त आवाज करत होता. मी निर्दोष होतो, आणि परात वाजत होती.

ही गंमत समजून घ्यायला मला एक संध्याकाळ लागली. नियमातला डेसिबल साधा नसतो, त्याच्यापुढे एक 'ए' असतो. आपल्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात, विशेषतः हळू असताना. १९३३ साली बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसांना वेगवेगळे सूर ऐकवून हे नीट मोजलं. त्या धर्तीवर मीटरला शिकवलं गेलं की खर्ज कमी धर. किती कमी? ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल. भिंतीपलीकडे ७५ डेसिबलचा ५० हर्ट्झचा घुमारा पोचला तर मीटर ४५ लिहितो. आणि भिंतीचा स्वभाव बरोबर उलटा. ती बारीक आवाज अडवते, जाड सोडते. कंपनसंख्या निम्मी झाली की साधारण सहा डेसिबल कमी अडवते. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते, माझी अख्खी खोली त्याहून लहान आहे. तिला भिंत म्हणजे पडदा.

म्हणजे भिंतीतून नेमकं तेच जातं जे मीटर मोजत नाही.

आता खरा प्रश्न. मी नियमाच्या आत असताना दुसऱ्याचं नुकसान होत असेल, तर मी चुकतोय का? उत्तर सोपं वाटतं, हो. पण मग नियम कशाला आहेत? शेजाऱ्याला काय त्रास होईल याचा प्रत्येकाने अंदाज बांधत बसायचं तर चाळीत फोडणीसुद्धा देता येणार नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये लिहिलेलं पुस्तक मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षी, परीक्षेच्या अभ्यासातून पळण्यासाठी वाचलं होतं. (परळमध्ये मिल हे तत्त्वज्ञाचं नाव असू शकतं यावर माझ्या वडलांचा विश्वास बसला नव्हता.) त्याचं म्हणणं थोडक्यात असं की दुसऱ्याला अपाय होत नाही तोवर माणसाला मोकळं सोडा. सुंदर आहे. पण अपाय झाला हे कळणार कसं? एक तर मीटर सांगेल, नाहीतर तो माणूस येऊन सांगेल. माझ्या बाबतीत मीटर गप्प होता, आणि माणूसही.

माणूस का गप्प होता, यावर मी जास्त विचार केला. मी सरळ काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, आपल्याच पोराचं काय ऐकायचं नाही? लाव तू." हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं आणि दोन मिनिटांनी अस्वस्थही. कारण काकूंचं लाइटबिल मी भरतो, म्हणजे पैसे त्यांचे, फोन माझा. नातवाचे फॉर्म मी भरतो. मुलाचं पीएफचं प्रकरण अडलं होतं तेव्हा लॉगिनचं सगळं मी केलं. मजल्यावर कुणालाही ऑनलाइन काही करायचं असलं की माझं दार वाजतं. असं दार ज्याला उद्या पुन्हा वाजवायचंय, तो आज "आवाज कमी कर" कसं म्हणेल? काकूंचा होकार खोटा नव्हता. पण त्यांना नकार देणं महाग पडलं असतं, मला काहीच पडलं नसतं. अशा दोघांमधल्या 'हरकत नाही'चं वजन किती धरायचं? मला वाटतं, फार कमी.

लालबागमध्ये राहून आवाजाबद्दल बोलताना गणपती टाळता येत नाहीत. त्या दिवसांत भारतमाता सिनेमापासून पुढे नुसती गर्दी आणि स्पीकरच्या भिंती असतात, आमच्या खिडकीच्या काचा बोलतात. माझ्या ॲम्पच्या कितीतरी पट. काकूंना त्याचा त्रास होत नाही. "ते आपलंच आहे," म्हणतात. मी यावर त्यांच्याशी वाद घातलेला आहे, कारण त्याच गल्लीत कुणी आजारी असेल तर त्याला ते आपलं वाटेलच असं नाही, आणि सगळ्यांचं म्हणून कुणाच्या कानावर काहीही घालायचा परवाना मिळत नाही. पण त्या म्हणतात त्यात एक गोष्ट खरी आहे. मिरवणुकीत त्यांना ढोल ऐकू येतो, मूर्ती दिसते, प्रसाद मिळतो. सगळा प्रकार अख्खा त्यांच्यापर्यंत पोचतो. माझ्या खोलीतून काय पोचत होतं?

ते मी ऐकून आलो. एका रविवारी मित्राला माझ्या खोलीत बसवलं, तेच किशोरीताईंचं रेकॉर्डिंग, नेहमीच्या जागी आवाजाची खुंटी, आणि मी काकूंच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसलो, जिथे त्यांचा मुलगा डोकं ठेवून झोपतो. गाणं नव्हतंच. किशोरीताई भिंतीच्या अलीकडे, माझ्या खोलीतच राहिल्या होत्या. तानपुरा नाही, शब्द नाहीत, तबल्याची शाईसुद्धा नाही. फक्त डग्गा, तोही बोल नसलेला, एक बोथट धप्प, कधी येईल सांगता न येणारं. आणि त्यामागून परातीची झिणझिण. मी साडेतीन मिनिटं बसू शकलो. माझ्याकडे जे संगीत होतं, त्याचा चोथा मी शेजारी टाकत होतो. आणि मनातल्या मनात समजत होतो की फार तर त्यांना फुकट शास्त्रीय संगीत ऐकायला मिळतंय.

परत आल्यावर हिशेब मांडला. माझे स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर, ८६ डेसिबल देतात. माझी खुर्ची दोन मीटरवर. मी ऐकतो तो आवाज सरासरी ७५ च्या आसपास. म्हणजे बहुतेक वेळ लागते एक वॅटपेक्षाही बरीच कमी ताकद, समजा एक-दोन दशांश. अचानक उसळणाऱ्या टोकांना वीस डेसिबल जास्त लागले तरी पंधरा-वीस वॅट. जुना रिसीव्हर पन्नास वॅटचा होता, नवा पैलवान दीडशेचा. तिप्पट म्हणजे डेसिबलमध्ये पाचसुद्धा भरत नाहीत. मग मी विकत काय घेतलं? विकणारे त्याला हेडरूम म्हणतात, डोक्यावरची मोकळी जागा, जी वापरायची नाही पण असावी. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याला मोकळ्या जागेचं आकर्षण वाटणं मी समजू शकतो.

एक मात्र हिशेबात नव्हतं. जुना डबा ताणला गेला की करकरायचा, आणि माझा हात आपोआप खुंटीकडे जायचा. नव्याला ताण येतच नाही. त्यामुळे आवाज मोठा झालाय हे मला कळतच नव्हतं. आपण फार झालो आहोत हे आपल्याला आपल्याच धापेवरून कळतं, आणि मी पैसे देऊन ती धाप काढून टाकली होती. तेव्हापासून ऑफिसमध्ये, शांत आणि स्वच्छ आवाजात बोलणाऱ्या वरिष्ठांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. ते असो.

विकला नाही. स्पीकर सामायिक भिंतीपासून काढून गॅलरीच्या बाजूला आणले, खाली रबराचे तुकडे टाकले, आणि रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायची सोय आहे ती चालू केली. डग्गा बराचसा गेला, म्हणजे ज्यासाठी अडतीस हजार घातले तेच गेलं. काकूंच्या मुलाकडे ड्यूटीचा तक्ता मागितला. तो आधी ओशाळला, मग दर महिन्याला फोटो पाठवू लागला. तो मी ॲम्पवर चिकटवतो. नाइटच्या आठवड्यात दुपारी पैलवान बंद. जनरल शिफ्ट असली की कापणी काढून टाकतो.

या सगळ्यात मी फार मोठा त्याग केला असं नाही, उलट मला थोडा संशय येतो. तक्ता मागितल्यामुळे त्यांना आता 'त्रास होतो' हे दर महिन्याला लेखी कळवावं लागतं, आणि दर महिन्याला माझे आभारही मानावे लागतात. माझ्या मोठेपणाची सोय त्यांनी करायची. याहून बरं काय करता आलं असतं ते मला अजून सुचलेलं नाही.

गेल्या महिन्यात, जनरल शिफ्टच्या आठवड्यात, काकू तांदूळ निवडायला ताट घेऊन आमच्याकडे येऊन बसल्या. म्हणाल्या, ते तुझं मशीन दाखव तरी. मी खुर्ची दिली, तेच रेकॉर्डिंग लावलं, अगदी हळू. त्या निवडता निवडता थांबल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई गाते होय यात?"

मी म्हटलं, हो.

"वाढव की जरा."

मी तक्त्याकडे बघितलं आणि खुंटी फिरवली. समेवर डग्गा आला तशी दोन्ही घरांच्या उघड्या दारांमधून, गॅलरीतून, बारीक झिणझिण ऐकू आली.

"ती आमची परात," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.