मुक्या जिवाची मुखत्यारी

(लंडनमधील भाचीच्या घरी पुण्याहून आलेले मामा आणि त्यांची भाची यांच्यातील संभाषण.)

भाची : मामा, माझी ही लेपर्ड गेको जातीची पाल बरेच दिवस काही खात नाही, विष्ठा करीत नाही, पोट फुगले आहे, आणि जिच्यात ती चरबीचा साठा राखते ती शेपटी रोडावली आहे. क्ष-किरणचित्रात आतड्यात साचलेली वाळू दिसते. पशुवैद्यांच्या मते ऊब, द्रवोपचार आणि बस्ती यांनी अवरोध सुटला तर उत्तम. न सुटल्यास शस्त्रक्रिया, आणि तीत ती वाचेलच अशी हमी नाही. जिची संमती मला विचारता येत नाही, तिचे पोट चिरण्यास मी कोणत्या अधिकाराने रुकार द्यावा? त्यापेक्षा सारे निसर्गावर सोपवणे अधिक नम्रपणाचे नाही का?

मामा : अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या रुक्ष, खडकाळ मुलुखात राहणारा हा प्राणी स्वतःच्या देहात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही, तापलेल्या दगडाच्या आश्रयाने तो अन्न पचवतो, आणि ऊन कोठे, गारवा कोठे, याची निवड स्वतः करतो. ती निवड आपण काचेच्या पेटीत बंदिस्त केली. पेटीचा उबदार कोपरा सुमारे 32 अंश सेल्सियस नसेल आणि तळाशी सुटी वाळू असेल, तर त्या व्यवस्थेला निसर्ग म्हणता येत नाही. तिच्या जीविताची मुखत्यारी तू ती पेटी घरात आणलीस तेव्हाच पत्करलीस. या देशाच्या 2006 च्या प्राणिकल्याण कायद्यानेही वेदना व रोग यांपासून रक्षणाचे कर्तव्य पाळणाऱ्यावरच टाकले आहे.

भाची : मग स्वस्थ बसवत नाही. तिचे पोट चोळावे, जबडा उघडून तेल पाजावे, असे वाटते.

मामा : जोराने चोळल्यास आतड्यास इजा होईल, आणि बळेच पाजलेले तेल फुप्फुसांत उतरू शकेल. अशा वेळी स्वतःस विचारावे, की ही धडपड तिची वेदना शमवण्यासाठी आहे, की आपली तळमळ शमवण्यासाठी?

भाची : पण निवाडा मीच करणार, आणि त्यात खर्चाची भीती व वियोगाचे दुःख दोन्ही मिसळणार. तिची कैफियत कोण मांडील? असे प्राणी दुखणे लपवतात.

मामा : तिचे वजन, शेपटी, डोळे आणि मागच्या पायांतील बळ हाच तिचा जबाब, तो वैद्याकडून नीट वाचून घे. खर्च आणि दुःख नाकारू नकोस, पण त्यांना तिच्या हिताचे नाव देऊ नकोस. बरी झाल्यावर तिला तिच्या स्वभावानुसार जगता येईल अशी वाजवी आशा असेल, तर अंगात शक्ती आहे तोवरच शस्त्रक्रियेस रुकार दे. देह थकला असून केवळ यातना लांबणार असतील, तर वैद्याच्या हातून वेदनारहित मरण देणे हेही कर्तव्यच.

भाची : म्हणजे आज वैद्यांच्या देखरेखीखाली ऊब आणि द्रव, आणि उतार न पडल्यास दिरंगाई न करता पुढचा निर्णय. तरीही मामा, निर्णय माझा आणि वेदना तिची, हा अन्याय कोणत्याही युक्तिवादाने मिटत नाही.

मामा : नाही मिटत. म्हणूनच तो निर्णय दैवावर किंवा वैद्यावर ढकलू नकोस. आणि ती वाचली, तर वाळू काढून उष्णतेची तजवीज आधी दुरुस्त कर, कारण मुखत्यारी उपचारानंतरही संपत नाही.