हरणं आहेत, माणसं नाहीत



आजचं वाचन गीतेच्या दहाव्या अध्यायातलं. कोणकोणत्या रूपांत तुझं चिंतन करू, असं अर्जुन विचारतो आणि भगवंत यादी देतात. स्थावरांमध्ये हिमालय, जलाशयांमध्ये सागर. वाचताना मला आल्बर्ट बिअरस्टाटचं १८६८ सालचं सिएरा नेवाडाचं चित्र आठवलं. साधारण सहा फूट बाय दहा फुटांचा कॅनव्हास, आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे. शांत तळं, काठावर हरणं, मागे उंच कडे, ढगांतून उतरणारा उजेड. हात आपोआप जोडले जातात.

पण हे तळं नकाशावर सापडत नाही. बिअरस्टाट १८६३ला योसेमिटी पाहून आला होता. हे चित्र त्याने युरोपात बसून रचलं. मग ते खोटं का? मला नाही वाटत. देवघरातली मूर्ती तरी कुठे कुणाचा फोटो असते? रूप हा इंटरफेस आहे म्हणा (ऑफिसची सवय, काय करणार).

माझी अडचण वेगळी आहे. चित्रात एकही माणूस नाही. याच पर्वतरांगेत, १८५१ला मारिपोसा बटालियन योसेमिटीच्या खोऱ्यात शिरली ती तिथल्या अहवानीची लोकांना हुसकावायला. त्यांच्या वस्त्या जाळल्या, साठवलेलं अन्न जाळलं. आणि सतरा वर्षांनी युरोपातल्या प्रेक्षकांना दिसले ते जणू कुणाचेच नसलेले डोंगर.

निर्जन तळं रंगवायची मुभा कलाकाराला असतेच, मान्य. पण त्याच्याच १८६३च्या 'रॉकी पर्वत, लँडर शिखर' या चित्रात शोशोनी लोकांची वस्ती अगदी पुढ्यात आहे. म्हणजे माणसं त्याला ठाऊक होती. मनाने एखादा कडा जोडला तर कुणाचं काही जात नाही. माणूस वगळला की त्याची जमीन मात्र 'रिकामी' ठरते.

आपणही ट्रेकला गेल्यावर गर्दी नसलेला फोटो शोधतो, आणि तिथे देव जाणवतो म्हणतो. खरंच जाणवतो, पण तिथे आपल्याकडे कुणी काही मागतही नसतं ना! दहाव्या अध्यायातली यादी डोंगरापाशी थांबत नाही. तिच्यात माणसंही आहेत, आणि पांडवांमध्ये खुद्द अर्जुन. विचारणाराच यादीत.