चकाकीचे देणे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलीच्या पापण्यांवरची चकाकी समईच्या उजेडात खुलून दिसते. ती चकाकी पुष्कळदा अभ्रकाची असते, आणि अभ्रक म्हटले की झारखंडातले कोडरमा व गिरिडीह आठवतात.

१९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या अनेक खाणी बंद पडल्या. भूक मात्र बंद पडली नाही. माणसे, कधी पोरेसुद्धा, जुन्या बिळांतून अभ्रकाचा चुरा वेचू लागली. तिकडे त्याला ‘ढिबरा’ म्हणतात. परवान्यावाचून वेचणाऱ्याचा भाव व्यापारी ठरवतो. आणि दरड कोसळली, तर त्याने दाद मागावी कोणाकडे?

आपला २०१३ चा कंपनी कायदा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्चावयास सांगतो. उत्तम! पण शाळेला रंग द्यावयाचा आणि त्याच शाळेतल्या मुलाच्या बापाला रास्त भाव नाकारावयाचा, हा कुठला धर्म? मालाचे दाम हे देणे; दान त्यानंतरचे. देणे बुडवून केलेले दान म्हणजे दुसऱ्याच्या तेलावर लावलेला दिवा.

कोणी म्हणेल, ‘मग तिथला माल घेऊच नये.’ आपले हात स्वच्छ राहतील खरे. पण चूल त्यांची विझेल. पाठ फिरवणे म्हणजे जबाबदारी नव्हे. बिळाला टेकू, परवान्यासाठी पाठबळ, आणि पोर शाळेत गेले तरी घर चालेल एवढा भाव, ही खरी जबाबदारी.

पाडव्याला नव्या वहीत मागची बाकी पुढे ओढतात. वाचकहो, त्या बाकीत ढिबरा वेचणाऱ्याचे नाव आपण कधी लिहिले आहे काय?